कोळंबीच्या रंगाचं लुगडं

"मी काय उकडलेली कोलंबी हाय गो, ह्यो रंग नेसायला?"

सखूने हातातलं सूप ओट्यावर आपटलं. सुपातला सुका जवळा उडाला आणि निम्मा माझ्या मांडीवर आला. समोर दिपाली उभी होती. एका हातात मोबाईल, दुसऱ्या हातात कापडाचा एवढासा तुकडा. रंग खरंच तसा होता, कोळंबी उकळत्या पाण्यात टाकली की होतो तसा. धड गुलाबी नाही, धड भगवा नाही.

दिपाली म्हणजे आमच्या तुळशीरामची थोरली लेक. नवी मुंबईत ऑफिसात कामाला असते. धाकट्या भावाची, प्रज्योतची हळद चार दिवसांवर आलेली, आणि त्या हळदीचा सगळा कारभार तिने हातात घेतलेला.

"आजी, पीच कलर आहे हा. थीम आहे आपली. हळदीला गावातल्या सगळ्या लेडीज पीचमध्ये. साड्या पप्पा देतायत, तुम्हाला एक रुपया खर्च नाही."

"देतो तं देऊं दे. मी माझं हिरवं लुगडं नेसनार."

"हिरवं चालणार नाही आजी. ड्रोन आहे. वरून सगळं एकसारखं दिसलं पाहिजे. थीममध्ये नसेल त्यांनी मांडवाच्या बाहेर खुर्च्यांवर बसायचं, असं ठरलंय."

"आनि धवला काय तुझा ड्रोन गानार?"

दिपाली गोड हसली. "त्याचं टेन्शन नका घेऊ. रेकॉर्डिंग आहे ना. मोठ्या सिंगरनं गायलंय, म्युझिकसकट. तुम्ही दमता, म्हणून म्हटलं."

सखू सांडलेला जवळा वेचायला लागली. पन्नास वर्षं तिच्या भिंतीला भिंत लावून राहते मी. सखू ओरडली की मला काही वाटत नाही. ती ओरडायची थांबली की मात्र मी सावध होते.

आमच्या आगरी लग्नात भटजी येतो तो मंगलाष्टकांपुरता. त्याच्या आधीचं सगळं लग्न धवलारीण लावते. ती धवल्यांतून, म्हणजे लग्नाच्या गाण्यांतून, देवांना आवतण देते, पितरांना देते, उखळाला आणि मांडवाच्या खांबालाही देते. सखू आमच्या गावची धवलारीण. या गावातल्या निम्म्या संसारांची सुरुवात तिच्या गळ्यातून झाली आहे, तुळशीरामच्याही. पण गावात डीजे आला तसं तिचं गाणं आखूड होत गेलं. हल्ली तिला बोलावतात ते जनरेटर सुरू होईपर्यंत. आणि आता तेवढंही नको, डबीतला धवला आणला होता.

"रंगाचं सोड," सखू शेवटी हळू आवाजात म्हणाली. "नेसंन मी कोलंबी. पन नऊवारी पायजे. पाचवारीत मांडी ठोकून बसता येत न्हाय, उखलाशी वाकता येत न्हाय. कासोटा नसला तं माझा आवाज बेंबीतून वर चढत न्हाय, ही राही सांगंल."

मी मान हलवली. मला गाण्यातलं काही कळत नाही, पण सखूच्या बेंबीबद्दल मी वाद घालत नाही.

"मग या रंगात नऊवारी मिळाली तर तुम्ही मांडवात," दिपाली म्हणाली. "उद्या सगळ्याच चला ना बस्त्याला. त्या दुकानात मिळत नाही असं काहीच नाही. चार मजले आहेत."

दुकान नवंच उघडलं होतं, हायवेला लागून. 'शुभमंगल वस्त्रसागर'. खरा सागर भराव टाकून मागे ढकलला आणि त्याच्या जागी हा काचेचा उभा केला. उद्घाटनाला टीव्हीतली एक सून आली होती. तिला बघायला आमच्या गावातल्या खऱ्या सुना सकाळपासून उन्हात उभ्या होत्या, आणि घरी सासवांनी भात करपवला.

दुसऱ्या दिवशी तुळशीरामने आम्हा बायकांसाठी टेम्पो काढला. त्याच्या दारात कंटेनरचे ट्रेलर उभे असतात. बायकांना कंटेनरमध्ये घालून दार लावलं नाही, हेच आमचं नशीब. तो स्वतः पुढे गाडीत, पांढरा शर्ट, गळ्यात गाईला बांधावी अशी सोन्याची साखळी. माणूस वाईट नाही. फक्त जमिनीचे पैसे आल्यापासून त्याला एकच भीती असते, कुणी आपल्याला गरीब म्हणेल की काय. त्याचा बाप सदा माझ्याबरोबर मिठाच्या पाट्या वाहायचा आणि दुपारी दोन कांदे जास्त आणले तर वाटून खायचा. तो कुणाला भीत नव्हता.

वैशाखाचं ऊन, वरून ट्रेलरची धूळ, आणि खाडीकडून येणारा चिकट वारा. दुकानापाशी पोचेस्तोवर आमच्या तोंडावर मिठाचा थर बसला होता. टेम्पोतून उतरल्यावर मी जागा ओळखायचा प्रयत्न केला. हे बाबाजीचं मिठागर, मी पाट्या वाहिल्या ते. इथे बांध होता, तिथे उघाडी, जिथून भरतीचं पाणी आत घ्यायचे. आता तिथे वॉचमन उभा होता आणि माणसं आत घेत होता.

"मावशी, पिशवी सील करावी लागेल," तो म्हणाला, आणि माझ्या पिशवीच्या तोंडाला त्याने प्लास्टिकची पट्टी ओढून बांधली.

"अरं, त्यात हलदकुंकू हाय! नारल हाय! बस्त्याची पयली साडी देवीची असते. तिला कुंकू लावल्याबिगर बस्ता कसा फोडनार?"

"आत काही लावायचं नाही मावशी. स्टाफ ओरडतो."

पूर्वी बस्त्याला गेलं की दुकानदार गादीवर बसवायचा, चहा सांगायचा. आधी देवीची साडी काढायचा, मग नवरीची, मग मानाच्या. दिवसभर कापडाचे ढीग उलगडत राहायचे. आपण नाकं मुरडत राहायचं आणि संध्याकाळी त्यातलीच पहिली उचलायची. इथे बसायला काही नव्हतंच. माणसांचा लोंढा नुसता पुढे सरकत होता. आतला गारवा, सेंटाचा वास, वर गाणं, लहान पोरांची रड, आणि मधूनच एक बाई माईकवरून हरवलेल्या नवऱ्यांची नावं सांगत होती. कपडे घ्यायला आलेल्यांपेक्षा कपड्यांबरोबर फोटो काढणारे जास्त.

पहिल्या मजल्याला सरकता जिना. त्याच्यासमोर सखू थबकली. मागून गर्दी ढकलत होती.

"चढ गो," मी म्हटलं.

"थांब. आधी त्याला थांबूं दे."

"तो थांबत न्हाय."

"जन्मभर बांध चढली. आता बांधच वर जातो आनि आपन नुसतं उभं र्‍हायाचं?" असं म्हणत तिने देवळाच्या पायरीला करतात तसा त्या जिन्याला हात लावून नमस्कार केला आणि मटकन पायरीवर बसली. बसूनच वर गेली. तिच्या मागोमाग आमच्या सगळ्या म्हाताऱ्या बसूनच गेल्या. वर पोचल्यावर कुणालाच वेळेत उठता येईना. एकीवर एक अशा पडल्या, जाळ्यातून बोंबील ओतावेत तशा. वरच्या मजल्यावरच्या पोरांनी मोबाईल काढले. दिपाली तोंड फिरवून दुसऱ्याच बाजूच्या साड्या बघायला लागली.

कोळंबीच्या रंगाच्या साड्या तिथे मोठ्या टेबलावर ओतून ठेवल्या होत्या. सगळ्या पाचवारी. तिथली मुलगी शेजारच्याच गावची निघाली, तिची आजी माझ्या माहेरची. तिला मी विचारलं, "बाय, ह्या रंगात नऊवारी हाय काय?"

"आहे ना आजी. दुसऱ्या मजल्यावर. ट्रॅडिशनल सेक्शन."

सखूचा चेहरा उजळला. तिने माझा हात असा धरला की बांगडी रुतली. दुसऱ्या मजल्यावर एका प्लास्टिकच्या बाईला ती नेसवली होती. रंग तोच, वर जरीचा काठ. बाईला डोकं नव्हतं, पण कासोटा होता.

"बघ राही! न्हाय न्हाय म्हनता मिलाली! सोड गो तिला, मना दे."

दुकानातल्या पोरीने घडी केलेली दुसरी आणून दिली. सखूने ती उलगडली आणि उलगडतच राहिली. पदर सापडेना. खाली दोन भोकं निघाली.

"ह्ये काय?"

"पाय आजी. रेडिमेड आहे. दोन पाय घालायचे, चेन ओढायची. दोन मिनिटांत नऊवारी!"

सखूने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. पण मांडवातली जागा तिला हवी होती, रेकॉर्डिंगवाल्या बाईला ती द्यायची नव्हती. ती ते घेऊन कपडे घालून बघायच्या खोलीत शिरली, आणि मला आत ओढलं. त्या खोलीत एक माणूस उभा राहील एवढी जागा, आणि आरसे तीन. आरशांत आम्ही सहा म्हाताऱ्या झालो.

"धर मना. पाय कनचा आधी?"

"मना काय इचारते? मी काय पायजमा घातलाय कधी?"

एकदाचे पाय गेले. चेन ओढली. समोरून बघितलं तर खरंच नऊवारी. सखूने आरशातल्या तिन्ही सखूंकडे बघितलं, मान जरा तिरकी केली. मला वाटलं, चला, जमलं.

"थांब, बसून बघताव," ती म्हणाली.

धवलारीण बसते ती एक गुडघा वर, एक मांडी जमिनीला टेकवून, उखळाला कवेत घेतल्यासारखी. सखू तशी बसायला गेली. टेम्पोच्या टपावरची ताडपत्री फाटावी असा आवाज झाला. बाहेरचं गाणं त्याच क्षणी का थांबलं, देव जाणे. पूर्ण मजल्याने तो आवाज ऐकला.

शिवण पुढून मागपर्यंत गेली होती. सखूने ते उतरवलं, उजेडात धरलं आणि उसवलेल्या बाजूने वितीवितीने मोजलं.

"पाच वार बी न्हाय! पायजम्याला वरून निऱ्या चिकटवल्यात आनि नाव सांगतात नऊवारी! कोन हाय रं तिकडं शेठ?"

शेठ आला. हर्षदभाई, गळ्यात ओळखपत्र, कपाळावर घाम. "अरे माजी, ये तो डेलिकेट आयटम छे. बेसवानुं नथी आमां. फोटो काढायचा, बस."

"बसाचं न्हाय? लगीन उभ्यानं करतात काय तुमच्याकडं?"

"डॅमेज झाला ना. आता घ्यावा लागेल."

एवढ्यात तुळशीराम येऊन पोचला. आजूबाजूला माणसं जमली होती, दोन-चार ओळखीची, पलीकडच्या गावची. त्याने साखळी सरळ केली. "लाव बिलाला! तुळशीराम शेठच्या बस्त्यात एक पायजमा जास्त झाला म्हणून काय होतंय?"

सखूने फाटलेला आयटम त्याच्या हातात दिला आणि भिंतीला टेकून खाली फरशीवर बसली. दिपाली तिच्याजवळ आली, आवाज मऊ करून म्हणाली, "आजी, राहू दे ना मग. बाहेर खुर्चीवर बसा आरामात. एसी कूलर लावणार आहोत तिथे."

सखूने मिश्रीची डबी काढायला कमरेला हात नेला, मग आठवलं असावं की इथे थुंकायला जागा नाही. हात तसाच राहिला. मी तिच्या बाजूला बसले. माणसं आम्हाला ओलांडून जात होती. एका लहान पोराने माझ्या पुढ्यात दोन रुपयांचं नाणं ठेवलं.

खरा तमाशा झाला तो बिलाच्या काउंटरवर.

दिपालीने गावातल्या सगळ्या बायकांच्या मोजून साड्या काढल्या होत्या. त्यांचा ढीग काउंटरवर आला. मशीनवरचा मुलगा एक एक साडी दाखवत गेला, मशीन टूंक टूंक करत गेलं, आणि शेवटी अडलं. मुलगा म्हणाला, "सर, फ्रीवाल्या कुठे आहेत?"

"कसल्या फ्रीवाल्या?" तुळशीरामने विचारलं.

"ऑफर आहे सर. उद्घाटनाची. एकावर एक मोफत. एवढ्याच साड्या त्या रॅकमधून घ्यायच्या."

त्या रॅकमध्ये पोपटी रंगाच्या साड्या होत्या. दुकान उघडल्यापासून कुणी हात लावला नसावा अशा. भडक, काठाला कोयऱ्या, पण सूत चांगलं.

तुळशीरामचं तोंड लाल झालं. "आम्हाला फुकट नको."

"सर, फुकट नाही, ऑफर आहे."

"फुकटच ना? माझ्या पोराच्या हळदीत मी बायांना फुकटच्या साड्या वाटू? उद्या लोक काय बोलतील? तुळशीराम शेठनं सेल बघून लगीन काढलं! नको. पूर्ण पैसे घे आणि त्या ठेव तुझ्याकडं."

"सर, कम्प्युटर घेत नाही. फ्री आयटम स्कॅन केल्याशिवाय बिलच निघत नाही."

"मग त्या पोपटीचे पण पैसे लाव!"

"लागत नाहीत सर. झिरो येतात."

"झिरो कसे येतात? पैसे देतोय ना मी!"

हर्षदभाई पुन्हा धावत आला. "शेठ, शेठ, लोक फ्री मिळवायला भांडतात. तुम्ही फ्री देतो म्हणून भांडता!"

मागे रांग वाढत होती. कुणी ओरडलं, "ओ दादा, नको तर आम्हाला द्या!" कुणी म्हणालं, "जमीन विकल्यापासून यांचे नखरे बघा." ते ऐकून तुळशीराम जास्तच पेटला. त्याने मॅनेजरला बोलवा म्हटलं. हर्षदभाई म्हणाला, मीच मॅनेजर. मालकाला बोलवा. मालक सुरतला. मग सुरतला फोन लाव. फोन लागला. सुरतेच्या मालकालाही कळेना की गिऱ्हाईक नेमकं कशावर चिडलं आहे. तो आपला फोनवरून म्हणत राहिला, "आणखी एक एक्स्ट्रा देऊन टाका, पण भांडू नका."

"आणखी?" तुळशीराम ओरडला. "मला काय भिकारी समजतो काय हा?"

इतका वेळ सखू माझ्या मागे काठी झाल्यासारखी उभी होती. एकाएकी ती पुढे गेली. काउंटरवरच्या ढिगातली एक कोळंबी उचलली, रॅकमधली एक पोपटी उचलली. दोघींचे शेवट एकमेकांना लावून तिने ते डोळ्यांसमोर धरले. मग ती माझ्याकडे वळली. कितीतरी दिवसांनी ती दात दाखवून हसली, होते तेवढे.

"राही. दंड घालू."

आजच्या मुलींना सांगावं लागेल. आमच्या वेळी वर्षाला दोन लुगडी मिळायची. मिठाच्या पाट्या वाहून वाहून लुगडं मधेच विरायचं, काठ आणि पदर धडके राहायचे. मग विरलेला भाग कापून टाकायचा आणि दोन चांगली टोकं एकमेकांना शिवायची. त्या शिवणीला दंड म्हणायचे. आणि तो दंड नेमका कमरेच्या खोचणीत लपेल असं नेसायचं. दंड दिसला की बाजारात बायका एकमेकींना कोपर मारायच्या. मी आणि सखूने कितीतरी लग्नं दंड लपवत काढली. आता दोन कोऱ्या करकरीत साड्या हातात, आणि सखूला दंड सुचत होता. पण हिशोब बरोबर होता. दोन पाचवाऱ्यांत एक नऊवारी सहज बसते.

"तुलशीराम," सखू म्हणाली, "अरं, तुना लाज वाटतं तं कशाला घेतो तू? आमी घेताव. टेम्पोत आमच्या अंगाखाली टाक. गावात उतरताना दोन-दोन साड्या हातात दिसतील. कोन इचारनार, कनची इकत आनि कनची फुकट?"

तुळशीराम थांबला. त्याच्या डोक्यात काहीतरी वळताना दिसलं. दोन-दोन साड्या. पूर्ण गावाला. असं कुणी केलं नव्हतं.

"फुकट हा शब्द गावात निघता कामा नये," तो दबक्या आवाजात म्हणाला.

मशीन टूंक झालं. मागच्या रांगेने टाळ्या वाजवल्या.

पुढचे दोन दिवस माझ्या ओट्यावर कात्री चालली. सखूने मोजून दिलं, मी टीप घातली. कोळंबीचा पदर आणि अंगावरचा भाग, खाली कासोट्याला आणि पोटऱ्यांना पोपटी. खारा वारा येऊन कापड अंगावर फडफडायचं आणि रस्त्यावरून जाणारे ट्रेलरवाले हॉर्न द्यायचे. आधी आम्ही दोघीच होतो. मग कोंडाजीची म्हातारी आली, "मना बी घाल गो. पाचवारीत मी पडताव." मग आणखी एक आली. सुना वरच्या खिडक्यांतून बघून हसत होत्या. शेवटी गावातल्या नऊवारी नेसणाऱ्या सगळ्या म्हाताऱ्या दुरंगी झाल्या.

हळदीच्या संध्याकाळी मांडव असा सजला होता की खांब शोधावे लागले. उखळावरसुद्धा फुगे बांधले होते. प्रज्योत पिवळ्या कुर्त्यात, डोळ्यांवर गॉगल. डीजेने पेट्या रचल्या होत्या. वर ड्रोन डासासारखा गुणगुणत होता. आम्ही म्हाताऱ्या एका ओळीत आत शिरलो, पुढे सखू. वर कोळंबी, खाली पोपटी. दिपालीने बघितलं आणि तिच्या हातातलं ताट कललं.

"हे काय आजी! थीम!"

"थीमच हाय. वरून बघ. तुझा ड्रोन वरूनच बघतो ना?"

"खाली हिरवं आहे! पूर्ण फ्रेम बिघडली! पप्पा, यांना बाहेर बसवा ना. दादा, रेकॉर्डिंग लाव तू."

डीजेचा हात बटणावर गेला. मांडवात सगळे तुळशीरामकडे बघायला लागले. नवरीकडची माणसंही आली होती, थळ गावची, पुढच्या रांगेत. नवरीच्या आत्याने मधेच विचारलं, "हिरव्या कुठून आल्या हो? थीमला एकच कलर होता ना?"

तुळशीरामच्या कपाळावर घाम आला. त्या पोपटीचं काहीतरी कारण आता सांगावंच लागणार होतं. तो एक क्षण सखूकडे बघत राहिला. सखूने पापणीही हलवली नाही.

"मी दिल्यात," तो मोठ्याने म्हणाला. "आमच्याकडं एका साडीवर बोळवण नाही करत आम्ही. बायकांना दोन-दोन दिल्या. आता त्यांना जोडून नेसायच्या तर जोडून नेसतील! बसा काकी तुम्ही. दिपाली, बाजूला हो."

नवरीच्या आत्याने "अगो बाय, दोन-दोन!" म्हटलं. मांडवभर ते शब्द फिरले. तुळशीराम फुलला.

सखूने उखळावरचे फुगे सोडवून पोरांना दिले. कासोटा ओढला, एक गुडघा वर घेतला आणि बसली. काही फाटलं नाही. दंड कमरेत असा लपला होता की मीच घातलेला मला दिसेना. तिने डोळे मिटले आणि पहिला सूर लावला. आधी देवांची आवतणं झाली. मग पितरांची, त्यात सदाचंही नाव आलं आणि बापाचं नाव ऐकून तुळशीरामने मान खाली घातली. डीजेवाला पेटीवर बसून ऐकत होता. त्याला बहुतेक वाटत होतं की हे आता संपेल.

पण देवपितरांनंतर धवलारीण जिवंत माणसांकडे वळते. हळदीच्या गाण्यात ती कुणाचंही नाव घेऊन टोचू शकते, नवऱ्याच्या बापाचं, मामाचं, गावच्या पुढाऱ्याचं. ज्याचं नाव निघेल त्याने रागवायचं नाही, उठून तिच्या ताटात ओवाळणी टाकायची. ज्याचं नाव निघत नाही तो लग्न झाल्यावर महिनाभर रुसून बसतो. रेकॉर्डिंगमधल्या बाईला आमच्या गावातल्या कुणाचंही नाव माहीत नव्हतं.

सखूने डोळे उघडले, तुळशीरामवर रोखले, आणि गायलं,

"बापूस नवऱ्याचा गेला गो दुकानाला,
साड्या घेतल्या त्यानं सगल्या गावाला,
एकावर एक गो फुकट लाभली,
फुकट नको बोलून मिशी वाकली…"

क्षणभर कुणाला कळलं नाही. मग आम्ही दुरंगी म्हाताऱ्यांनी ओळ उचलली, "फुकट नको बोलून मिशी वाकली," आणि मांडव फुटला. बायका एकमेकींच्या अंगावर पडल्या. थळची आत्या डोळे पुसायला लागली. प्रज्योतने गॉगल काढला आणि बापाकडे बघून पोट धरून हसला.

तुळशीराम पाय रोवून उभा होता. त्याचं तोंड आधी लाल झालं, मग कसलं तरीच झालं. त्याने इकडेतिकडे बघितलं. सगळं गाव त्याच्याकडे बघून हसत होतं, आणि त्या हसण्यात कुणी त्याला गरीब म्हणत नव्हतं. मग त्याच्या मिशीचं टोक हललं. खिशातून नोट काढून तो पुढे आला, वाकला, सखूच्या ताटात ठेवली आणि पुटपुटला, "म्हातारे, सांगितलं होतं ना तुला."

सखूने ताटाकडे बघितलंसुद्धा नाही. तिचा आवाज आता बेंबीतून चढला होता आणि पुढचं कडवं तोंडावर आलं होतं. तिने मान वळवली आणि ती दिपालीकडे बघायला लागली.

दिपालीने फोन बाजूच्या खुर्चीवर पालथा ठेवला, पदर नीट केला, आणि आपलं नाव येण्याची वाट बघत सरसावून बसली.